बस्तरच्या चुनखडी गुहा, जुना पाऊस आणि अंधारातले जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्तीसगडमधल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात कोटुमसर, कैलाश, दंडक अशा गुहा आहेत. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर भागातल्या या गुहांवर भूशास्त्र, हवामानाचा इतिहास आणि प्राणिशास्त्र अशा तिन्ही अंगांनी संशोधन झाले आहे. विद्यार्थी, गिर्यारोहक आणि सहलीला जाणारे लोक त्याबद्दल जे नेहमी विचारतात, त्याची उत्तरे इथे आहेत. गरज पडेल तिथे मेघालय आणि इतर ठिकाणचे दाखलेही घेतले आहेत.

कार्स्ट म्हणजे नेमके काय?

पाण्यात विरघळणाऱ्या खडकाचा, बहुतेक वेळा चुनखडीचा, प्रदेश. नाव आले ते स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरच्या क्रास पठारावरून. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळे आणि सूक्ष्मजीव यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्ल होते. हे पाणी चुनखडीच्या भेगांमध्ये शिरून खडक विरघळवते. भेगेची नळी होते, नळीचे भुयार होते. वरच्या जमिनीवर ओढे वाहता वाहता एकदम गायब होतात, जमीन खचून विलयन विवरे पडतात आणि कुठेतरी खाली डोंगराच्या पायथ्याशी तेच पाणी झऱ्यातून बाहेर येते.

म्हणून कार्स्ट ओळखायचा असेल तर आधी गुहा शोधू नका, नाले बघा. भर पावसाळ्यातही पृष्ठभागावर वाहते पाणी कमी दिसत असेल तर ते खाली कुठेतरी चालले आहे.

महाराष्ट्रात अशा गुहा का नाहीत? अजिंठा-वेरूळ काय आहे मग?

अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे ही लेणी आहेत. माणसाने छिन्नी-हातोड्याने बेसाल्टमध्ये कोरलेली. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकलेला आहे आणि बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारे पांढरे, चमकदार स्फटिक, उदाहरणार्थ वाघोलीच्या खाणींतले झिओलाइट, हा गुहेतल्या लवणस्तंभांपेक्षा वेगळा प्रकार आहे. सह्याद्रीतून आणलेला असा दगड 'लवणस्तंभ' म्हणून दाखवला जातो, तो बहुधा हाच असतो.

चुनखडी महाराष्ट्रात आहे, पण पूर्वेकडे: चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत पैनगंगेच्या खोऱ्यातली अतिप्राचीन चुनखडी. गडचांदूर परिसरातले सिमेंट कारखाने तिच्यावरच उभे आहेत.

लवणस्तंभ वर्षाला किती वाढतो?

आधी नावाबद्दल. 'लवण' म्हटले की डोळ्यासमोर मीठ येते, पण हे मीठ नव्हे, कॅल्साइट आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. छतातून आलेल्या पाण्यात विरघळलेला चुना असतो. गुहेच्या हवेत कार्बन डायऑक्साइड मातीपेक्षा कमी, म्हणून थेंबातून तो उडून जातो आणि चुना साचतो. पाणी वाळून चुना मागे राहतो ही समजूत बहुतेक गुहांबाबत चुकीची आहे. आतली हवा इतकी दमट असते की बाष्पीभवन जवळपास होतच नाही.

ऊर्ध्वमुखी, म्हणजे जमिनीवरून वर वाढणाऱ्या, स्तंभाची वाढ साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाइतकी असते. वर्षाला ०.०५ मिमी धरले तर एक वीत उंचीला सुमारे साडेचार हजार वर्षे लागतात. मात्र ही सरासरी आहे. थेंब बंद पडला की वाढही बंद, कधी काही शतके. म्हणून उंची मोजून वय सांगणारा वाटाड्या भेटला तर ऐकून घ्या, वहीत लिहू नका.

दगडातून हजार वर्षांपूर्वीचा पाऊस कसा कळतो?

मुख्य पुरावा ऑक्सिजनचा. पाण्यात हलका ऑक्सिजन-१६ जवळजवळ सगळा असतो, जड ऑक्सिजन-१८ अगदी थोडा. ढगातून पाऊस पडताना जड पाणी आधी गळते. समुद्रावरून लांबचा प्रवास करत, वाटेत भरपूर बरसत ढग आले तर मागे उरलेल्या पावसात ऑक्सिजन-१८ कमी असतो. भारतीय मान्सूनच्या पट्ट्यात ढोबळ नियम असा: स्तंभाच्या थरात ऑक्सिजन-१८ कमी म्हणजे मान्सून जोरदार, जास्त म्हणजे कमजोर.

तापमानाचाही परिणाम होतो, पण तो एका अंशाला हजारात सुमारे ०.२ इतकाच. बस्तरसारख्या ठिकाणी गेल्या हजारेक वर्षांत तापमान फार हलले नाही, म्हणून पावसाची खूण वरचढ ठरते. युरोपातल्या गुहांचे नियम इथे जसेच्या तसे लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

'मान्सून जोरदार' म्हणजे 'त्या गावात पाऊस जास्त' असे मात्र नाही. अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागरातून ओलावा आला तरी आकडा बदलतो. म्हणून कार्बन-१३, मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम यांच्याशी ताळा करतात. कोरड्या काळात पाणी वरच्या भेगांतच थोडा चुना सोडून येते, त्यामुळे थेंबात कॅल्शियमच्या मानाने मॅग्नेशियम वाढते. तिन्ही रेघा एकाच दिशेला गेल्या तर विश्वास ठेवावा. एकच हलली तर थांबावे.

वय कसे ठरवतात? कार्बन-१४ का चालत नाही?

चालतो, पण फसवतो. स्तंभातला काही कार्बन मातीतून आलेला असतो, तर काही कोट्यवधी वर्षे जुन्या चुनखडीतून. या दुसऱ्या कार्बनमध्ये कार्बन-१४ शिल्लकच नसतो. असा 'मेलेला' कार्बन दहा टक्के मिसळला तरी वय सुमारे साडेआठशे वर्षांनी जास्त येते, आणि हे प्रमाण गुहेगणिक वेगळे.

म्हणून युरेनियम-थोरियम पद्धत. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळपास विरघळत नाही. त्यामुळे नवा थर तयार होतो तेव्हा त्यात युरेनियम असते आणि थोरियम शून्याच्या जवळ. पुढे युरेनियमच्या ऱ्हासातून थोरियम-२३० साठत जाते. त्याचे प्रमाण मोजले की थराचे वय निघते. ही पद्धत सुमारे सहा लाख वर्षांपर्यंत काम देते.

बिघाड होतो तो चिखलामुळे. पुराचे पाणी गुहेत शिरते, मातीचा बारीक थर स्तंभावर बसतो आणि त्या मातीबरोबर आयते थोरियम येते. वय खोटे म्हातारे होते. मातीतल्या थोरियम-२३२ चे प्रमाण बघून दुरुस्ती करता येते, पण तपकिरी, मळकट थरांमधून नमुना न घेणे हाच खरा उपाय.

संशोधक स्तंभ तोडून नेतात का? नमुना निवडताना काय पाहतात?

जबाबदार माणसे उभा स्तंभ तोडत नाहीत. आधीच तुटून पडलेला, पण जिथून तुटला ती जागा ओळखता येते असा तुकडा शोधतात. क्रम असा:

आधी बुडाशी आणि टोकाशी चिमूटभर पूड काढायची, जागच्या जागी. तीवरून ढोबळ वय येते. पाच हजार वर्षांचा पाऊस हवा आणि स्तंभ दोन लाख वर्षांचा निघाला, तर त्याला हात लावण्याचे कारणच उरत नाही. अनेक गुहांमध्ये या एका पायरीने डझनभर स्तंभ वाचतात, आणि तरीही ती गाळली जाते, कारण वय येईपर्यंत महिनोन्महिने थांबावे लागते.

मग आकार. मेणबत्तीसारखा, खालपासून वरपर्यंत जवळपास एकाच जाडीचा स्तंभ चांगला. थेंब सतत एकाच वेगाने पडत राहिला असा त्याचा अर्थ. शंकूसारखा, वाकडा, मधेच फुगलेला असेल तर थेंबाची जागा किंवा वेग बदलला आहे. प्रवेशद्वाराजवळचा स्तंभ टाळायचा. तिथे वारा खेळतो आणि बाष्पीभवनाने ऑक्सिजनचे गणित बिघडते.

प्रयोगशाळेत स्तंभ उभा कापून घासून गुळगुळीत करतात. ऑक्सिजनसाठी दातांच्या डॉक्टरांकडे असते तसल्या बारीक ड्रिलने वाढीच्या मधल्या अक्षावरून दर अर्ध्या मिलिमीटरला पूड घेतात. मिलिग्रॅमचा काही भाग पुरतो. वयासाठी जास्त लागते, साधारण शंभर ते तीनशे मिलिग्रॅम. स्तंभ वर्षाला ०.१ मिमी वाढला असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा प्रत्येक नमुना पाच वर्षांची सरासरी देतो. एका वर्षाचा दुष्काळ त्यात दिसणार नाही.

नेहमी चुकते ते हे: ड्रिल अक्षावरून बाजूला सरकते आणि दोन थरांची पूड एकत्र होते. दोन नमुन्यांच्या मध्ये ड्रिलचे टोक पुसले जात नाही. वाढ खंडित झालेली पांढरी किंवा गढूळ रेघ नजरेतून सुटते आणि तिच्या वरचे-खालचे वय सरळ रेषेने जोडले जाते, त्यामुळे कधी न घडलेला दोनशे वर्षांचा 'हळू वाढीचा काळ' आलेखात उगवतो. आणि अरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकरूपाचे, नंतर कॅल्साइट झाले असेल तर त्या रूपांतरात युरेनियम निसटलेले असते, मग वयाचा भरवसा नाही.

एकाच गुहेतले दोन स्तंभ तोच चढउतार दाखवतात का, ही सगळ्यात कठोर परीक्षा.

बस्तरच्या गुहेत दुर्गादेवीचा दुष्काळ सापडला, हे खरे का?

अर्धे खरे. दंडक गुहेतल्या एका स्तंभावरून साधारण इ.स. ६०० ते १५०० या काळातल्या मान्सूनची नोंद आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. दंडक मध्य भारतात, मान्सूनच्या गाभ्याच्या पट्ट्यात येते, म्हणून ही नोंद महत्त्वाची. तीत चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कमजोर मान्सूनचे लांबलचक कालखंड दिसतात. जवळच्याच झुमार गुहेच्या नोंदीने पुढे त्यात भर घातली.

महाराष्ट्रात १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने सांगितला जातो. मंगळवेढ्याचे दामाजीपंत ज्या दुष्काळात सरकारी कोठारे खुली करतात तो पंधराव्या शतकातला. दोन्ही त्या कमजोर पट्ट्यात किंवा त्याच्या काठाला बसतात. संशोधकांनीही दख्खनमधल्या या काळातल्या दुष्काळांच्या नोंदींकडे बोट दाखवले आहे.

पण 'या थरात दुर्गादेवी आहे' असे कुणी म्हणू नये. युरेनियम-थोरियमच्या वयात काही वर्षांची ते दोन-तीन दशकांची चूक असू शकते. शिवाय दुष्काळ केवळ पावसाने पडत नाही. लढाया, सारा, धान्याची ने-आण, हे सगळे त्यात असते. स्तंभ एवढेच सांगतो की त्या काही पिढ्यांत पाऊस वारंवार दगा देत होता. भारतभराच्या पर्जन्यमापनाची सलग मालिका १८७१ पासूनची आहे, आणि त्या दीडशे वर्षांत इतका लांब कमजोर काळ नाही. धरणांची आणि पाणीवाटपाची गणिते याच दीडशे वर्षांवर बेतलेली आहेत, म्हणून आमच्या मते या संशोधनाचा खरा उपयोग इथे आहे, इतिहासातली कथा सिद्ध करण्यात नाही.

सह्याद्रीच्या जवळची नोंद हवी असेल तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अकलगवी गुहेची आहे. एम. जी. यादव आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ३३१ वर्षांच्या स्तंभावरून ती मांडली.

'मेघालयी काळ' हे नाव गुहेवरून पडले का?

हो. चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या एका स्तंभावरून. २०१८ साली भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आजच्या भूवैज्ञानिक काळाच्या सर्वांत अलीकडच्या भागाला हे नाव दिले. सुरुवात इ.स. २००० च्या ४,२५० वर्षे आधी, त्या सुमारास अनेक देशांत पडलेल्या कोरड्या काळाच्या खुणेवर. त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्तंभांवर काम करणाऱ्यांना मात्र ही घटना तितकी ठळक आणि तितकी अचानक दिसली नाही. म्हणजे सीमारेषा अधिकृत आहे, वाद चालू आहे. एका स्तंभावर किती भार टाकायचा, हा वरचाच मुद्दा.

गुहेत थेंबांची नोंद कशी ठेवतात?

आजचा थेंब कसा वागतो हे कळल्याशिवाय जुना थर वाचता येत नाही. किमान एक पूर्ण वर्ष, जमल्यास तीन.

बाहेर पर्जन्यमापक आणि पावसाचे पाणी साठवणारा डबा ठेवतात. डब्यात पॅराफिन तेलाचा पातळ थर, नाहीतर महिनाभरात बाष्पीभवन होऊन ऑक्सिजनचा आकडा बिघडतो. आत थेंब मोजणारे यंत्र, तापमानाची नोंद करणारा छोटा लॉगर, आणि थेंबाखाली वजन केलेली खरखरीत काचेची चकती. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने चकती वाळवून पुन्हा वजन केले की त्या काळात किती कॅल्साइट साचले ते कळते. थेंबाचे पाणी बाटलीत काठोकाठ भरायचे, वर हवेचा बुडबुडा नको. सामू आणि क्षारता जागेवरच मोजायची. बाटली बाहेर नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइड उडतो आणि आकडा भलताच येतो.

आर्द्रतामापकावर पैसे घालवू नका. शंभर टक्क्यांच्या आसपास साधा सेन्सर ओला होऊन अडकतो आणि वर्षभर तोच आकडा दाखवतो.

वर गायब झालेले पाणी कुठे निघते, हे कसे शोधतात?

रंग टाकून. बहुतेक वेळा युरेनिन वापरतात, जे पाण्यात हिरवट चमकते आणि नेहमीच्या प्रमाणात विषारी नाही. छोट्या प्रवाहाला पन्नास ते शंभर ग्रॅम पुरतात. पोतेभर टाकून अख्खी नदी हिरवी केली तर गावकरी, वनखाते आणि पत्रकार तिन्ही एकाच दिवशी दारात येतात.

रंग टाकण्याआधी किमान एक आठवडा सगळ्या संभाव्य झऱ्यांवर कोळशाच्या पुड्या लावा. सक्रिय कोळसा जाळीच्या पिशवीत भरून वाहत्या पाण्यात बांधायचा. तो रंग शोषून धरतो. या आधीच्या पुड्यांवरून पार्श्वभूमी कळते, कारण साबणातली चकाकी आणणारी रसायने आणि गाड्यांच्या कूलंटमधले रंगसुद्धा चमकतात. रोडामाइन हा गुलाबी रंग वापरणार असाल तर रंगपंचमीनंतरचे काही आठवडे टाळा. स्वस्त रंगांत तेच असू शकते. मग रंग टाका, पुड्या आठवड्याला बदला आणि उन्हापासून लांब ठेवा, कारण युरेनिन उजेडात नष्ट होते. प्रयोगशाळेत अल्कोहोल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने रंग सोडवून फ्लुरोमीटरवर, म्हणजे चमक मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात.

सगळ्यात मोठी चूक माणसाची असते: ज्याने रंग ओतला त्यानेच पुड्या गोळा करणे. हातमोजे, बूट, जीपची सीट, कुठूनही रंगाचा कण पुडीत जातो आणि डोंगराच्या दोन्ही बाजूंचे झरे कागदावर जोडले जातात. दोन वेगळी माणसे, दोन वेगळ्या गाड्या.

हा उद्योग केवळ कुतूहलाचा नाही. वाळूत किंवा मातीत पाणी गाळले जाते, चुनखडीच्या नळ्यांत नाही. विवरात टाकलेले मेलेले जनावर काही दिवसांत किलोमीटरभर लांबच्या पिण्याच्या झऱ्यात उतरू शकते.

कोटुमसरचा आंधळा मासा खरेच आंधळा आहे का? आणि पुण्याशी त्याचा काय संबंध?

बोटभर लांबीचा, लोच कुळातला हा मासा कमी होत गेलेल्या डोळ्यांचा आणि फिकट रंगाचा आहे. डोळ्यांचा ऱ्हास सगळ्यांत सारखा नसतो. संशोधनात तो इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी या जातीचा मानला गेला, आणि फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली या जातीचे वर्णन केले ते पुण्याच्या नमुन्यांवरून. म्हणजे पुण्याच्या ओढ्यांत डोळे शाबूत असलेला भाऊबंद आहे. तुलनेसाठी इतकी सोयीची जोडी सहसा मिळत नाही.

गुहेचा शोध आणि तिथल्या जिवांची ओळख यात १९५० च्या दशकात शंकर तिवारी यांचे काम मोठे. गुहेतल्या रातकिड्याच्या कुळातल्या एका कीटकाला केम्पिओला शंकरी हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. रायपूरच्या विद्यापीठात १९८० च्या दशकापासून या माशाच्या दैनंदिन लयींवर काम झाले: जिथे दिवस-रात्र नाही तिथल्या जिवाला घड्याळ असते का? असते, आणि अन्न देण्याची वेळ बदलली की त्याची लय बदलते.

मेघालयातला गुहेतला मासा याहून फार मोठा आहे. निओलिसोकायलस प्नार, ४० सेंटीमीटरहून लांब, वर्णन २०२३ चे. जमिनीखालच्या माशांत जगातला सर्वांत मोठा.

उजेड नाही तर गुहेतले जीव खातात काय?

बाहेरून आलेले. पुरात वाहून आलेला पालापाचोळा, छतातून उतरलेली मुळे आणि वटवाघळांची विष्ठा. विष्ठेवर बुरशी, बुरशीवर माइट आणि सूक्ष्म कीटक, त्यांच्यावर कोळी आणि गोमी. गुहेतच जन्मून गुहेतच मरणारे, आत-बाहेर दोन्हीकडे जगू शकणारे, आणि फक्त निवाऱ्याला येणारे असे तीन गट करतात. वटवाघूळ तिसऱ्यातले, तरी पहिल्या दोघांचे पोट त्याच्यावर चालते.

म्हणून नमुने गोळा करताना आमिष लावलेले सापळे गुहेतच विसरून येऊ नका. अन्नाचा दुष्काळ असलेल्या जागी एक सापळा आठवड्यात आसपासचे सगळे किडे ओढून मारतो. मऊ ब्रशने हाताने उचललेले चार जीव पुरतात. डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोल हवे. ७० टक्क्यांत आकार टिकतो, डीएनए नीट टिकत नाही.

वटवाघळांमुळे गुहेत जाणे धोक्याचे आहे का?

तुम्हाला थोडे, त्यांना जास्त. कोरड्या, जुन्या विष्ठेच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा बुरशी असू शकते आणि ती फुप्फुसांना त्रास देते. एन-९५ मास्क लावा, विष्ठा उकरू नका, वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका.

बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू घालते. पिल्ले असताना टॉर्च मारून थवा उठवला तर पिल्ले खाली पडतात, आणि ते वर्ष गेले. मोजणी गुहेत शिरून करायची नसते. संध्याकाळी तोंडाबाहेर बाजूला बसून, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने.

एखादी वसाहत किती मोलाची असू शकते ते रॉटन यांच्या वटवाघळावरून कळते. १९१३ साली नाव मिळालेली ही जात, कर्नाटकात गोव्याच्या सीमेजवळच्या बारापेडे गुहेपलीकडे जवळपास नव्वद वर्षे कुणाला भारतात सापडली नव्हती. मग मेघालयात सिजू गुहेच्या परिसरात मिळाली.

लवणस्तंभांवर हिरवट डाग का पडतात?

दिव्यांमुळे. कायम दिवे असले की शेवाळ आणि नील-हरित जिवाणू वाढतात आणि कॅल्साइट खराब करतात. उपाय: दिवे माणूस आल्यावरच लागणारे, पिवळसर, कमी वॅटचे, स्तंभापासून लांब. साफसफाईला ब्लीच नको. क्लोरीनने गुहेतले जीव मरतात. १५ टक्क्यांपर्यंतचे हायड्रोजन पेरॉक्साइड चालते, पण आधी त्यात चुनखडीचे तुकडे टाकून त्याचा चुना खाण्याचा जोर ओसरू द्यायचा, नाहीतर ते स्तंभही थोडे खाते. मशालीची काजळी याहून वाईट. ती पुढच्या थराखाली कायमची गाडली जाते.

गुहेचा नकाशा हौशी लोक करू शकतात का?

करू शकतात. टेप, होकायंत्र, चढ मोजणारे क्लायनोमीटर एवढ्यावरही चांगले नकाशे झाले आहेत. आता लेझर अंतरमापकात बसवलेले डिस्टोएक्स हे इलेक्ट्रॉनिक उपकरण वापरतात. ते प्रत्येक मोहिमेआधी १४ दिशांना, प्रत्येक दिशेत चार वेळा फिरवून, एकूण ५६ मापांनी जुळवून घ्यावे लागते. बॅटरी बदलली की पुन्हा. हेल्मेटच्या दिव्याची बॅटरी, लोखंडी कॅराबिनर, चष्म्याची काडी होकायंत्राजवळ आली की दिशा पाच-दहा अंशांनी सरकते. प्रत्येक टप्पा पुढून आणि मागून असा दोनदा मोजा. दोन अंशांहून जास्त फरक आला तर तिथेच पुन्हा, घरी गेल्यावर नाही.

परवानगी कुणाची लागते?

कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचे, २०० चौरस किलोमीटरचे. तिथे संशोधनासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकांची लेखी परवानगी हवी. दगडाचा तुकडासुद्धा त्याशिवाय उचलता येत नाही. जैविक नमुने परदेशी पाठवायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वेगळी. मेघालयात जमीन बहुधा गावाची किंवा कुळाची असते, तिथे आधी गावच्या दरबाराला आणि मुखियाला भेटायचे, सरकारी कागद नंतर. ओडिशातल्या कोरापुटच्या गुप्तेश्वर गुहेत ऊर्ध्वमुखी स्तंभाचीच शिवलिंग म्हणून पूजा होते. अशा ठिकाणी पुजाऱ्याशी बोलल्याशिवाय यंत्र काढू नका.

जायचे कधी, आणि आत काय सांभाळायचे?

कोटुमसर पावसाळ्यात बंद असते, कारण पाणी आत शिरते. साधारण नोव्हेंबर ते मे हा काळ. आत हवा वर्षभर २८ अंशांच्या आसपास आणि दमट, म्हणून थंडीचे कपडे नकोत, पाणी हवे. प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे. मोबाईलचा टॉर्च त्यात मोजू नका.

खोल, बंदिस्त कोपऱ्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. काडेपेटीची ज्योत विझते ती ऑक्सिजन कमी झाल्याने, कार्बन डायऑक्साइड त्याआधीच त्रासदायक पातळीला गेलेला असू शकतो. काम न करता दम लागला, डोके जड झाले तर लगेच वर चढा. वरची हवा चांगली असते. गट मोठा असेल तर हातातला कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या.

पडलेला लवणस्तंभाचा तुकडा घरी आणला तर काय बिघडले?

राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे. शिवाय कुठल्या थेंबाखाली, कुठल्या बाजूला वर करून तो उभा होता हे माहीत नसेल तर त्याचा अभ्यासालाही उपयोग नाही. बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची ओली झळाळीही जाते आणि उरतो तो मळकट पांढरा दगड. दिसला तर जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि उद्यानाच्या कार्यालयात जागा सांगा. तुटलेलेच तुकडे शोधणाऱ्या संशोधकाला तेवढी माहिती पुरते.